भोक पाडलेलं खोकं

बाबा गुरुवारी गेले. त्याआधीच्या रविवारी मी त्यांच्या स्पीकरच्या खोक्याला भोक पाडलं होतं.

आम्ही वाशीला राहायला येऊन तेव्हा तीन-चार वर्षं झाली होती. ऐंशीच्या दशकाची सुरुवात. हात कापू लागल्यापासून बाबांचा तबला सुटला होता. हात शाबूत असताना एका बैठकीत त्यांनी वाजवलेलं कुणीतरी टेप केलं होतं, ती एक कॅसेट तेवढी होती. ती नीट ऐकता यावी म्हणून त्यांनी लॅमिंग्टन रोडवरून मोठा वूफर आणला, सुताराकडून खोकं करून घेतलं आणि आत जुन्या गादीचा कापूस भरला.

"पुढून भोक ठेवू का? सगळे ठेवतात, आवाज दणदणीत येतो," सुतार म्हणाला होता.

"दणदणीत नको. चारी बाजूंनी बंद कर. डग्गा दाबला की आवाज तिथंच थांबला पाहिजे."

ऐकताना बाबा खोक्याला कान लावून बसत. मला वाटलं, त्यांना कमी ऐकू येतं. ग्रंथालयातल्या मासिकात मी वाचलं होतं, की मापानं भोक ठेवून आत नळी बसवली तर खर्ज वाढतो. बाबा बाजारात गेले असताना मी गिरमिट आणि करवत घेतली, नळाच्या कामातून उरलेला पाइप बसवला. मासिकातलं गणित भोक धरूनच बांधलेल्या खोक्याचं होतं. ते माझ्या ध्यानात आलं नाही.

बाबांनी कॅसेट लावली. घुमारा खोलीभर पसरला. पाइपातून कापसाचे पुंजके बाहेर आले.

"अगं, सोसायटीच्या गणपतीची सोय झाली," बाबा म्हणाले.

"पण आवाज वाढला ना?"

"वाढला. डग्गा दाबला तरी थांबत नाही, एवढंच." मग त्यांनी कॅसेट बंद केली. "हे माझं वाजवणं नाही गं."

पुढच्या रविवारी भोक बुजवून देते, असं मी म्हटलं. सोमवार ते बुधवार त्यांनी कॅसेट लावली नाही.

नंतर वर्षभर घरात गाणं-वाजवणं बंद होतं. आमच्याकडे तशी रीत. वर्षश्राद्ध झाल्यावर मी पाइप काढला, कापूस भरला, भोकावर प्लायवूड चिकटवून स्क्रू आवळले. कॅसेट लावली. डग्गा दाबला तिथं थांबला, असं मला वाटलं.

खोकं माझ्याकडे आहे. ते बरोबर वाजतं का, हे सांगणारं घरात कोणी नाही.