सातवे तळे आणि आठ सेकंद

१९४४ सालच्या डिसेंबरातल्या एका मंगळवारी, संध्याकाळी सव्वापाच वाजता, साताऱ्याच्या मोती चौकाजवळच्या एका स्टुडिओत तीन माणसांचा फोटो काढण्यात आला. फोटोत एकच माणूस आला.

त्या माणसाविषयी पुढे येईलच. आधी उरलेल्या दोघांविषयी.

माझी आत्या तासगावच्या पूर्वेला, पाऊस ज्या बाजूला सहसा फिरकत नाही अशा एका खेड्यात दिलेली होती. तिचा एकुलता एक मुलगा शंकर पलटणीत होता. त्याची सुट्टी संपत आली होती आणि बुधवारी सकाळी त्याला सातारा रोड स्टेशनवर गाडी पकडायची होती. त्याला निरोप द्यायला आत्या आमच्या घरी, म्हणजे तिच्या भावाकडे, आली होती. येताना तिने एकच गोष्ट मनाशी धरली होती. शंकरबरोबर फोटो काढायचा. तिचा आजवर एकही फोटो निघाला नव्हता.

"त्यो तिकडं लांब," आत्या म्हणाली, "निदान भिताडावर तरी आमी दोघं एका जागी दिसू."

मी सोमवारीच स्टुडिओत जाऊन वेळ ठरवून आलो. फोटोवाले तुसडे, पण कामाचे पक्के गृहस्थ होते. लढाईमुळे काचेच्या प्लेटा मिळत नव्हत्या.

"एकच शिल्लक आहे," ते म्हणाले. "तुमच्यासाठी ठेवतो. पण चारच्या आत या. छताच्या काचेतून त्यानंतर उजेड येत नाही, आणि उजेड माझ्या हातात नाही."

"तीनलाच येतो," मी म्हणालो.

इथपर्यंत सर्व ठीक होते. बिघाड मी पूर्वीच करून ठेवला होता.

मी तेव्हा साताऱ्यातल्या एका साप्ताहिकात काम करीत असे. त्या वर्षी आषाढात एका अंकात दीड रकाना मोकळा राहिला म्हणून मी 'एका दिवसात सातारा' हा लेख लिहिला. त्यात सात स्थळांचे वर्णन होते. त्यांपैकी दोन मी पाहिली होती. (त्यांतले एक मोती चौक. तिथे आमची कचेरी होती.) किल्ल्यावर मी कधीही गेलो नव्हतो. साताऱ्यात जन्मलेल्या माणसाला किल्ला रोज खिडकीतून दिसतो, मग तो वर कशाला जाईल? किल्ल्याची माहिती मला शेजारच्या एका निवृत्त मास्तरांनी दिली. ते वर गेले होते, बाविसाव्या वर्षी. मी लिहिले: 'चढ अर्ध्या तासाचा असून वृद्धांनाही सुलभ आहे. मंगळाई देवीचे मंदिर दरवाजातून आत शिरताच डाव्या हातास लागते. किल्ल्यावर सात तळी असून ती बारमाही भरलेली असतात; सबब पाणी सोबत नेण्याचे कारण नाही.'

वडिलांनी अभिमानाने त्या लेखाचे कात्रण शंकरला पाठवले. शंकरने ते पगाराच्या पुस्तकात घडी घालून ठेवले होते.

"दादा, आमच्या आख्ख्या पलटणीनं वाचलंय," मंगळवारी सकाळी ते उलगडून तो म्हणाला. "मी समद्यांना सांगून आलोय, सुट्टीत ही सात ठिकाणं बगून येतो म्हणून. चला!"

"सातही?" मी विचारले.

"लेखात एक दिवस लिवलाय की."

"शंकर, आज फोटो आहे."

"तीनला न्हवं? किल्ला अर्धा तास. उतरायला वीस मिंटं. मग लेखातलं पुढलं ठिकाण, माहुलीला राजाच्या कुत्र्याची समाधी."

"कुत्र्याचं पुढल्या टायमाला बघ," आत्या म्हणाली. "आदी आयचं बघ."

पण किल्ल्यावर आत्यालाही जायचे होते. मंगळाईची ओटी भरून तिला शंकरसाठी मागणे मागायचे होते. खण आणि नारळ तिने गावाहून आणले होते. माझी आई तिला म्हणाली, "वन्सं, चढ उभा आहे म्हणतात." आत्याने माझ्याकडे बोट दाखवले. "आवं, दत्तूनं पेपरात लिवलंय, म्हाताऱ्यांनाबी जमतंय म्हणून. त्यो काय खोटं लिवंल?"

त्या क्षणी मी बोलायला हवे होते. मी जोडे घातले.

आम्ही नऊ वाजता निघालो. साडेनऊला, म्हणजे लेखाप्रमाणे माथ्यावर असायला हवे त्या वेळी, आम्ही पहिल्या वळणावर बसलो होतो. आत्या एका दगडावर, मी दुसऱ्यावर. शंकर उभा. त्याने कात्रण काढून वेळ ताडून पाहिली.

"दादा, कुटल्या चालीनं अर्धा तास?"

"मध्यम," मी म्हणालो.

दरवाजात पोचलो तेव्हा अकरा वाजत आले होते. आत शिरताच शंकर शिस्तीत डावीकडे वळला. डावीकडे तटाची भिंत होती. भिंतीवर एक घोरपड ऊन खात होती.

"देवी कुटं हाय?" आत्याने विचारले.

"थोडी पुढे असेल."

देवी किल्ल्याच्या पार पलीकडच्या अंगाला निघाली. मधले सगळे कुसळांचे रान. आत्याचे लुगडे गुडघ्यापर्यंत कुसळांनी भरले. पण ओटी भरून, डोके टेकून ती उठली तेव्हा तिचा चेहरा निवळला होता. "झालं माझं," ती म्हणाली. "आता फोटू. चला खाली."

घड्याळात पावणेबारा. त्याच वेळी उतरलो असतो तर जेवून, हातपाय धुऊन, वेळेआधी स्टुडिओत पोचलो असतो. हे मी नंतर अनेकदा मोजून पाहिले आहे.

"पाणी हाय का रं?" आत्याने विचारले.

पाणी नव्हते. नेण्याचे कारण नाही, असे मीच छापले होते. आम्ही तळ्यावर गेलो. पहिल्यात शेवाळ होते. दुसऱ्यात म्हशी होत्या. तिसरे कोरडे. चौथ्यातले पाणी शंकरने रुमालातून गाळून आईला पाजले. पाचव्यापाशी एक धनगर मेंढरे घेऊन बसला होता.

शंकर कात्रण घेऊन त्याच्यापुढे उभा राहिला. "पावनं, अजून दोन तळी कुटं हायत?"

"कसली दोन?"

"सात हायत न्हवं?"

"कोण म्हंतंय?"

"पेपरात आलंय."

धनगराने कागदाकडे पाहिले, मग शंकरकडे, मग मेंढरांकडे. "मग पेपरातच आसतील," तो म्हणाला.

शंकर हसला. आत्याही हसली. मी हसलो नाही. (पत्रकाराच्या छापील मजकुराला मेंढपाळाने आव्हान देण्याचा तो प्रसंग होता!) मी म्हणालो, "सात आहेत. या, दाखवतो."

"ऱ्हाऊ दे रं दत्तू," आत्या म्हणाली. "पाच काय आन् सात काय. फोटूचं बघ."

"आत्या, वेळ भरपूर आहे."

सहावे तळे सव्वा वाजता सापडले. ते तळे आहे की खड्डा, यावर शंकरचे आणि माझे मतभेद होते. तो म्हणाला, "दादा, ह्ये म्हशीनं लोळून क्येलंय." मी ते सहावे म्हणून धरले. सातव्यासाठी आम्ही तटाच्या कडेने दोनदा फिरलो. आत्या एका झाडाखाली बसली होती. दर फेरीला आम्ही तिच्यासमोरून जाताना ती एकच विचारी, "किती वाजलं रं?" आणि मी प्रत्येक वेळी पंधरा मिनिटे कमी सांगत असे.

सातवे सापडले नाही. सव्वादोन वाजले.

"शंकर, सरळ उतरू," मी म्हणालो.

"त्यापरीस ह्ये बगा." त्याने कात्रण पुढे केले. "'दक्षिण दरवाजाने उतरल्यास निम्मा वेळ वाचतो.' ह्येनं जाऊ."

ते वाक्य मला आठवत होते. परिच्छेदात एक ओळ कमी पडत होती म्हणून मी ते घातले होते. आता ते खोटे आहे म्हणून सांगायचे, तर अर्धा तास, डावा हात आणि सात तळी यांचाही हिशेब द्यावा लागला असता. मी म्हणालो, "चल."

दक्षिणेची वाट खरोखरच लवकर उतरते. ती सातारा सोडून भलतीकडेच उतरते. सव्वातीनला आम्ही ज्वारीच्या एका शेतात उभे होतो आणि सातारा किल्ल्याच्या पलीकडे होता. बांधावरून कडब्याची एक बैलगाडी चालली होती.

"आवं पावनं," शंकरने हाक मारली, "सातारा किती लांब?"

गाडीवानाने किल्ल्याकडे बोट केले. "मधनं डोंगर काढला तर हितंच हाय की."

"आन् न काढता?"

"वळसा घालून जावं लागंल. बसा. मी तिकडंच चाललोय."

आत्याला आम्ही कडब्यावर बसवले. तिने पदराने तोंड पुसले, केस चापून बसवले, कपाळावरचे कुंकू चाचपून पाहिले. सकाळपासून तिने फोटोसाठी चांगले जरीकाठी लुगडे नेसले होते. त्याच्या काठावर कुसळे, निऱ्यांवर शेवाळ आणि पाठीला कडबा होता. ती एकेक कुसळ काढून रस्त्यावर टाकत होती.

"जाईल न्हवं रं वेळंत?" तिने मला विचारले.

"जाईल," मी म्हणालो. बैल त्या मताचे नव्हते.

गावात शिरल्यावर आम्ही गाडी सोडून पळालो. पळालो म्हणजे मी आणि शंकर दोन्ही बाजूंनी आत्याचे दंड धरून चालत होतो आणि ती मध्ये जमेल तशी पाय टेकत होती. मोती चौकात लोक वाट देत होते. एकाने विचारले, "दवाखान्यात का?" आत्या धापा टाकत म्हणाली, "न्हाई वो, फोटूला!"

सव्वापाच. फोटोवाले दाराला कुलूप लावीत होते.

"चार म्हणालो होतो."

"चूक माझी आहे," मी म्हणालो. दिवसभरात मी बोललेले ते पहिले खरे वाक्य होते. "पण हा उद्या सकाळी जातो आहे."

त्यांनी शंकरच्या गणवेशाकडे पाहिले, आत्याच्या लुगड्याकडे पाहिले आणि कुलूप काढले. आत छताच्या काचेतून राखेसारखा उजेड येत होता.

"आठ सेकंद लागतील," ते म्हणाले. "आठ सेकंद कोणी हलायचं नाही. पापणी नाही, मान नाही. श्वास रोखून धरायचा."

"रोखायला श्वास हाय कुटं?" आत्या खुर्चीत बसत म्हणाली. "त्यो किल्ल्यावरच ऱ्हायला." शंकर तिच्या डाव्या बाजूला उभा राहिला. मग तिने मला हाक मारली. "दत्तू, तू बी ये रं."

"नको आत्या, तुम्हा दोघांचाच असू दे."

"दिसभर आमच्यासाटी तंगडतोड क्येलीस. ये."

मी गेलो. तिने तिसऱ्यांदा म्हणण्याची वाट मी पाहिली नाही. टोपी सारखी केली आणि तिच्या उजव्या बाजूला उभा राहिलो.

फोटोवाल्यांनी भिंगावरचे झाकण काढले आणि ते मोजायला लागले. मी भिंगाकडे पाहत होतो. छापखान्यातल्या माणसाला अशा गोष्टींची जाण असते. मी पापणी लववली नाही. शेजारी खुर्ची किंचित करकरली. मग शंकर दबक्या आवाजात काहीतरी म्हणाला. मी पाहिले नाही. आठ झाले. झाकण बसले.

"तुम्ही उत्तम उभे राहिलात," फोटोवाले मला म्हणाले. उरलेल्या दोघांना ते काही बोलले नाहीत.

बुधवारी सकाळी कोळशावर चालणाऱ्या मोटारीने आम्ही सातारा रोडला गेलो. गाडीच्या खिडकीतून शंकर म्हणाला, "दादा, सातवं तळं आन् कुत्रं पुढल्या सुट्टीला." आत्या म्हणाली, "फोटू धाडते रं तुला." गाडी गेली.

शुक्रवारी फोटो मिळाला. मधोमध खुर्ची होती. खुर्चीत एक पांढुरका ढग उजवीकडे झुकला होता आणि उजवीकडचा करडा ढग त्याच्याकडे वाकला होता. डावीकडे मी. टोपीची शिवण मोजता येत होती.

"मान का वळवलीस आत्या?" मी विचारले.

ती फोटो उजेडाकडे धरून बसली होती. "दिसभर तळीच बगितली," ती म्हणाली. "म्हटलं, आठ शेकंद गावल्यात, तर लेकाकडं बगून घ्यावं. आन् ह्यो शंक्या मला म्हंतोय, आये, फुडं बग."

मी दुसरा काढू म्हणालो. प्लेटही नव्हती आणि शंकरही. तो फोटो तिने तासगावहून चौकट करवून घरात लावला. शंकरला धाडला नाही. आल्यागेल्याला ती दाखवीत असे. ते विचारीत, "ह्यो कोण?" ती सांगे, "ह्यो माजा भाचा. पेपरात असतोय. आन् ह्यो धुरावानी दिसतोय न्हवं, त्यो माजा शंकर."

लढाई संपली. शंकर १९४६ च्या पावसाळ्यात सुटून आला. आत्या त्याआधीच्या माघात गेली होती. साताऱ्यावरून जाताना तो उतरला नाही.

तिचा दुसरा फोटो नाही. दर वर्षी तिच्या तिथीला शंकर तोच भिंतीवरून काढतो, काच पुसतो, पाटावर ठेवतो आणि हार घालतो. गेल्या वर्षी मी हजर होतो. गंध लावायला त्याने बोट काचेवर नेले आणि बराच वेळ तसेच धरले. त्या ढगात आत्याचे कपाळ त्याला सापडेना. शेवटी ते गंध त्याने फोटोतल्या माझ्या कपाळाला लावले.