मावशींच्या गोळ्या

वह्या शिवण्याच्या कारखान्यात तीस वर्षं काढलेल्या मावशींनी आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. मनगटाच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनीच त्यांना दुखण्याच्या गोळ्या दिल्या होत्या. आता दोन वर्षांनी नव्या डॉक्टरीणबाई भलतंच विचारत होत्या.

"ठरवलेल्यापेक्षा जास्त घेता?"

"कधीमधी."

"बंद करून पाहिल्या?"

"तीनदा. घाम फुटतो, अंग मोडून येतं, काही सुचत नाही."

"घरच्यांपासून लपवता?"

मावशींना दोऱ्याच्या रिळांखाली ठेवलेली गोळ्यांची पाकिटं आठवली. त्या पदर सारखा करू लागल्या.

"हे गोळ्यांचं व्यसन आहे. हा आजारच आहे, उपचारानं बरा होतो. पण एकदम सोडू नका, हळूहळू कमी करू."

मावशी गोंधळल्या. व्यसनी म्हणजे त्यांचा धाकटा दीर, पिऊन रस्त्यावर पडणारा. त्याला त्यांनी कधी घरात घेतलं नव्हतं.

"पण मला डॉक्टरांनीच दिल्या होत्या."

"हो. तरीही व्यसन लागतं."

बाहेर लेक थांबली होती. "काय म्हणाल्या?"

"मलाच धड कळलं नाही बघ," मावशी म्हणाल्या. "तू आत चल. त्यांना पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावू."