कोयरीतल्या गोळ्या

तिजेच्या, म्हणजे हरतालिकेच्या, दुसऱ्या दिवशी शेजारच्या पेढीवर सौंसरहून ट्रंक कॉल आला. माझी धाकटी बहीण शकू गेली. मी पांढुर्ण्याहून पोचले तेव्हा दारातल्या बायका म्हणत होत्या, "सवाष्ण गेली, नशीबवान." मी म्हटलं, "मग तुम्ही कधी निघता?" तेव्हापासून त्या माझ्याशी बोलत नाहीत. बरं झालं.

शकूला स्तनाचा कॅन्सर होता. नागपुरात ऑपरेशन झालं, तरी पुढे दुखणं हाडांत उतरलं, पाटावरून उठवेना. तिथल्या डॉक्टरांनी नवीन गोळी दिली. पाळी गेल्यावरही बाईच्या अंगात थोडं इस्ट्रोजेन बनत राहतं, त्यावर तिचा रोग पोसतो. गोळीनं ते बनणं कमी होतं. रोग मरत नाही, दबतो. पण त्याच गोळीनं अंगाला जगायला लागणारं दुसरं एक हार्मोनही दबतं, म्हणून ते भरून काढायला जोडीला दुसरी गोळी. "ही एक दिवसही चुकवायची नाही. ताप आला तर जास्त लागते, लगेच या," असं त्यांनी तिच्या नवऱ्यासमोर बजावलं होतं.

सुरुवातीला शकू दिवसभर पेंगायची, चक्कर यायची, अंगावर पुरळ उठलं. मग हळूहळू हाडांचा ठणका कमी झाला आणि उन्हाळ्यात तीच बाई माझ्याकडे येऊन शेवया करून गेली. कुंकू तिनं पावडरच्या डब्यात काढलं होतं आणि पितळी कोयरीच्या दोन वाट्यांत दोन गोळ्या ठेवल्या होत्या. म्हणाली, "सकाळी हात तिथंच जातो, ताई. विसरणार नाही."

तिची नणंद वत्सला त्या घरात ठाण मांडून बसलेली. "बाईपण मारायची गोळी अन् कुंकवाच्या कोयरीत!" म्हणून नाक मुरडायची. शकू म्हणायची, "बाईपण कधीच गेलं, बाई. जीव तरी राहू द्या."

शकूचा नवरा तहसीलीत बाबू, मूळचा सावरगावचा. दरवर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीत, आमच्या पांढुर्ण्याच्या दगडफेकीच्या जत्रेत, दगड खायचा आणि डोक्यावरची खोक गावभर दाखवायचा. बहिणीसमोर मात्र या शूराची वाचा बसे. यंदा तो पट्टी बांधून परतला तेव्हा शकूला ताप होता. तिजेला वत्सलानं कोयरी उचलून देव्हाऱ्यात ठेवली. हे तिनंच मला सांगितलं, तेही अभिमानानं. "तिजेला पान्याचा थेंब चालत नाही, गोळी कशी चालन?"

शकूनं नवऱ्याला विचारलं, "अहो, डॉक्टर काय म्हणाले होते?"

"एका दिवसानं काय होते? उद्या घेजो."

संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या, तिला उभं राहवेना... तरी वत्सलानं उपास मोडू दिला नाही. पहाटे जीप केली. नागपूर यायच्या आधीच ती गेली.

तिनं उपास धरला होता तो याच्या आयुष्यासाठी. हा ठणठणीत आहे, डोक्यावरची खोकही भरली. मी त्याला म्हटलं, "फळला उपास." तो डोक्यावरचा व्रण चाचपत बसला. तेवढंच त्याला येतं.

तेराव्याला वत्सला कोयरी कुण्या सवाष्णीला वाण म्हणून द्यायला निघाली होती. "भाग्यवंताची वस्तू आहे," म्हणाली. मी तिच्या हातातून ती हिसकावून घेतली. आता ती माझ्या फळीवर आहे. तिजेच्या गोळ्या दोन्ही वाट्यांत तशाच आहेत. घरी बाया हळदीकुंकवाला आल्या की मी झाकण सरकवून तीच त्यांच्यापुढे धरते.