स्थळ म्हणून गेलो होतो

मी आयुष्यात एकदाच मुलगी बघायला गेले, आणि तेही खोटं बोलून. गुरुग्रामच्या एका सोसायटीत, बाराव्या मजल्यावर, रविवारी सकाळी अकरा वाजता. भाच्याचा फोटो पाठवला होता, पत्रिका पाठवली होती. भाच्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याने बंगलोरला आपल्याच ऑफिसातली मुलगी पसंत केली होती आणि ते मला दिवाळीपासून माहीत होतं. मला मुलगी बघायचीच नव्हती. मला तिची आजी बघायची होती.

ही आजी म्हणजे आमच्या वरच्या काकू. दिल्लीतल्या सरकारी क्वार्टरमध्ये आम्ही पहिल्या मजल्यावर राहायचो आणि त्या आमच्या डोक्यावर. आणीबाणीच्या एक-दोन वर्षं आधी आमच्या ब्लॉकमधली पाच वर्षांची एक मुलगी दुपारी मागच्या मैदानात खेळायला गेली ती परत आली नाही. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. दोन दिवस सगळे बाप ऑफिसला न जाता रिजच्या जंगलात, नाल्याच्या कडेने, स्टेशनवर शोधत होते. तिसऱ्या दिवशी एक इन्स्पेक्टर आमच्या घरी येऊन वेताच्या खुर्चीवर बसला आणि ब्लॉकमधल्या सगळ्या मुलांना त्याने समोर उभं केलं.

"बेटा, किसी के साथ देखा था उसे?" त्याने एकेकाला विचारलं. सगळ्यांनी नाही म्हणून माना हलवल्या. माझी पाळी आली तेव्हा घर माणसांनी भरलं होतं आणि सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, हो, वरच्या काकूंनी तिचा हात धरला होता, दुधाच्या बूथपाशी.

उचलली जीभ, लावली टाळ्याला. काकू तिचा हात धरायच्या हे खरंच होतं. त्या तिची वेणी घालायच्या, तिला बूथवर न्यायच्या, रोजच न्यायच्या. पण मी त्यांना त्या दिवशी पाहिलं होतं की आदल्या दिवशी, की त्याच्याही आदल्या आठवड्यात, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं. इन्स्पेक्टरने "उसी दिन?" असं विचारलं आणि मी मान डोलावली.

काकूंना तीन दिवस चौकीत बोलावून बसवून ठेवलं. त्यांना मूल नव्हतं, एवढं कारण लोकांना पुरलं. त्याच्या आदल्या वर्षी त्यांची गर्भाची पिशवी काढली होती. तिशीही उलटली नव्हती तेव्हा त्यांची. आमच्या स्वयंपाकघरात आईसमोर बसून त्या रडल्या होत्या आणि मी पुस्तक तोंडापुढे धरून सगळं ऐकलं होतं. पोलिसांना काहीच सापडलं नाही, काकूंना सोडून दिलं. पण त्या संक्रांतीला त्यांना ब्लॉकमधल्या एकाही घरचं हळदीकुंकवाचं बोलावणं गेलं नाही. माझ्या आईनेही वाण आणताना एक कमी आणलं. होळीच्या आत काकांनी बदली मागून घेतली आणि एका सकाळी त्यांचं सामान ट्रकमध्ये चढलं. मी खिडकीतून बघत होते. काकूंनी वर बघितलं नाही.

मुलगी कधीच सापडली नाही. तिचे आईवडील दोघंही आता गेले. क्वार्टर पाडून तिथे टॉवर उभे राहिले. म्हणजे खरं सांगायचं तर शोध लागायची वाट बघणारं कोणीही उरलं नव्हतं. उरले होते ते आम्ही, रिटायर झालेले, हातात वेळ आणि मोबाइल असलेले.

जुन्या ब्लॉकचा व्हॉट्सअॅप ग्रुप झाला तेव्हा तळमजल्यावरच्या दादाने विषय काढला. हा दादा माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. जनगणनेच्या कचेरीत जन्मभर तक्ते तपासले, आता निवृत्तीनंतर गुन्ह्यांचे व्हिडिओ बघतो. "यार, पोलिसांनी केस नीट हाताळलीच नाही," तो म्हणाला. "आपण बघू. आपल्याला माणसं माहीत आहेत." आम्ही दोघं कामाला लागलो. दुधाच्या बूथवाल्याचा मुलगा करोल बागेत गाड्यांच्या सीटकव्हरचं दुकान चालवतो हे शोधून काढलं. त्याने आम्हाला लस्सी पाजली आणि काही आठवत नाही म्हणून सांगितलं. मला तर ती भटकंती आवडू लागली होती. घरी मुलगा विचारायचा, आई आज कुठे, आणि मी म्हणायचे, इन्व्हेस्टिगेशनला.

दादाला कोडं सुटायला हवं होतं. मला दुसरंच काहीतरी हवं होतं आणि ते मी त्याला सांगितलं नाही. काकूंनी ती मुलगी नेली होती असं निघालं तर मी नऊ वर्षांची असताना खरं बोलले होते असं ठरणार होतं. पन्नास वर्षं मी त्याच एका होकाराला चिकटून बसले होते. एका बाईने मूल पळवलेलं असावं अशी मी मनोमन प्रार्थना करत होते, हे आज लिहिताना माझी मलाच किळस येते.

काकू सापडल्या त्या आमच्या मराठी मंडळाच्या वधू-वर सूचीत. मी तिथे मुद्रितं तपासायचं काम करते. लोक विश्वासाने मुलीची जन्मवेळ, पगार, फोन नंबर लिहून देतात आणि ते कागद माझ्या टेबलावर येतात. एका मुलीच्या फॉर्मवर आजोळच्या रकान्यात एक आडनाव होतं. ते आडनाव असलेलं दुसरं घर मी दिल्लीत ऐकलेलं नाही. मूळ गावही तेच, काकूंच्या तोंडून शंभरदा ऐकलेलं. आजोबा केंद्र सरकारच्या सेवेत होते, आता हयात नाहीत, असंही लिहिलेलं. आजोळ आहे म्हणजे मुलीची आई काकूंची मुलगी. आणि काकूंना तर मूल होणं शक्यच नव्हतं.

मी कागदाचा फोटो काढून दादाला पाठवला. असं करायचं नसतं हे मला कळत होतं. दादाने हिशोब मांडला: मुलगी सव्वीस वर्षांची, म्हणजे आई पन्नाशीची. आपली हरवलेली असती तर छप्पन्नची असती. "सहा वर्षांचा फरक काही नाही," दादा म्हणाला. "पळवून आणलेल्या मुलीचं वय कमी लावणारच ना ते. शाळेत घालताना सगळेच लावतात." सुतावरून स्वर्ग गाठला आम्ही. जनगणनेच्या माणसाने हे म्हटल्यावर मला तरी अजून कोणता पुरावा हवा होता?

नुसतं भेटायला कोणी बोलावलं नसतं. म्हणून स्थळ म्हणून जायचं ठरलं. मुलाकडची माणसं म्हटलं की कोणतंही मराठी घर दार उघडतं, आणि आत बसून जन्म कुठला, शिक्षण कुठलं, कुलदैवत कुठलं, घराण्यात काही आजार, असं काहीही विचारलं तरी कोणाला त्यात वावगं वाटत नाही. इन्स्पेक्टरलाही एवढी मुभा नसते.

त्यांनी तयारी केली होती. सोफ्यावर नवी कव्हरं होती. पोह्यांत मटार, वर खोबरं. मुलीने सुती साडी नेसली होती आणि ती निऱ्यांची सवय नसल्यासारखी जपून चालत होती. तिची आई गोरी, भरल्या अंगाची, हसरी. "भाचा नाही आला?" तिने विचारलं. मी म्हटलं, आधी मोठ्यांनी बघावं असं आमच्यात आहे. तेही खोटंच. काकू कोपऱ्यातल्या दिवाणावर बसल्या होत्या. केस पांढरे, नाकात तीच बारीक चमकी. त्यांनी मला ओळखलं नाही.

दादाने सुरुवात केली. "तुमचा जन्म दिल्लीतलाच का?"

"बिल्कुल," ती म्हणाली. "हिंदूराव हॉस्पिटलात झाला माझा जन्म. आई सांगते ना, थंडी इतकी होती की बाबा घरून सगळ्या रजया घेऊन आले होते." आणि तिने हसून काकूंकडे बघितलं. काकूही हसल्या.

ते हसणं बघून तरी मी थांबायला हवं होतं. तिला माहीत नाही हे मला त्या क्षणी कळलं होतं. पण मला वाटलं, बघा, खोटं बोलतात, पकडल्या गेल्या.

"पण काकू," मी म्हटलं, "तुमची तर पिशवी काढली होती ना? आपल्या क्वार्टरमध्ये असतानाच. माझ्या आईला तुम्हीच सांगितलं होतंत."

मुलीने हातातला ट्रे तसाच धरून ठेवला. तिच्या आईचं हसू चेहऱ्यावर राहून गेलं होतं, ते कसं उतरवायचं हे तिला कळत नव्हतं. "आई?" ती म्हणाली.

काकू माझ्याकडे बघत होत्या. "तू खालची," त्या म्हणाल्या. "पुस्तक घेऊन बसायचीस." मग त्या लेकीकडे वळल्या आणि अगदी सावकाश, एकेक शब्द ठेवत बोलल्या. "तुला आम्ही अनाथाश्रमातून आणली. क्वार्टर सोडल्यावर दोन वर्षांनी. अकरा महिन्यांची होतीस. कोर्टाचे कागद आहेत कपाटात. बाबा म्हणायचे, लग्न झालं की सांगू. मग म्हणायचे, नात झाली की सांगू. मग ते गेले आणि माझ्याने झालं नाही."

अकरा महिन्यांची. दादाने मान खाली घातली. मी काय केलं ते मला आठवतं, कारण ते विसरावं असं फार वाटतं. मी म्हटलं, "सॉरी, आमचा जरा गैरसमज झाला." जसं काही चुकीच्या फ्लॅटची बेल वाजवली होती.

काकू माझ्यावर चिडल्या नाहीत. त्यांनी लेकीपुढे हात केला. लेकीने तो धरला नाही, ती उठून आतल्या खोलीत गेली. मुलगी म्हणाली, "आंटी, प्लीज, आप लोग जाइए." मराठीत बोलावंसं तिला वाटलं नसेल. लिफ्टमध्ये दादा म्हणाला, "चलो, निदान एक शक्यता तर बाद झाली." मी त्याच्याशी त्यानंतर बोललेले नाही, पण तो रागही ढोंगीच आहे. प्रश्न मी विचारला होता.

नवव्या दिवशी काकूंच्या लेकीचा फोन आला. आवाज शांत होता. तिने कागद बघितले होते, आईने सगळं सांगितलं होतं, चौकीसुद्धा, संक्रांतसुद्धा. त्या दोघी बोलत होत्या, पण अजून पहिल्यासारखं नव्हतं, ती म्हणाली. "माझा जन्म झाला तो दिवस तरी खरा आहे का, हेही मला आता कळणार नाही. असू दे. मला तुम्हाला एकच विचारायचंय. त्या दिवशी तुम्ही खरंच आईला पाहिलं होतंत का?"

हा प्रश्न मला कोणीतरी विचारेल म्हणून मी पन्नास वर्षं भीत होते.

"नाही," मी म्हटलं. "पाहिलं होतं, पण कधी ते माहीत नव्हतं. मी ठोकून दिलं." मग मी रडायला लागले आणि म्हटलं, मी येते, काकूंच्या पाया पडते, माफी मागते.

ती म्हणाली, थांबा, आईला विचारते. फोन तिने बाजूला ठेवला. टीव्हीचा आवाज येत होता, मग तो कोणीतरी बंद केला. बऱ्याच वेळाने ती परत आली.

"आई म्हणते, नऊ वर्षांच्या मुलीला तिने कधीच माफ केलंय. तिचा राग तिला तेव्हाही नव्हता," ती म्हणाली. "पण परवा आमच्या घरी आली होती ती साठीची बाई होती. तिने येऊ नये."