बिनखिळ्याची बैठक

माझ्या मामीला एक रिकामी खोली आणि एक दुपार द्या. संध्याकाळी दारात आलेला माणूस आपोआप आवाज खाली करेल आणि चपला जरा नीट जोडून ठेवेल. मी अनेक मोठी माणसं भाषणं करताना पाहिली आहेत, पण शून्यातून काहीतरी उभं करणारं माणूस मी एकच पाहिलं आहे. तेही आमच्या हिंदी मुलखातल्या शहरात, माधव नगरमधल्या एका भाड्याच्या घराच्या पुढच्या खोलीत, पदर खोचून, तोंडात सुतळी धरून उभं असलेलं.

मकानमालकाची पहिल्या दिवसापासून एकच अट होती. “बहनजी, दीवार में एक भी कील नहीं.” दुसरी बाई रडली असती, मी भांडले असते. मामी म्हणाली, “ठीक है भाईसाहब,” आणि चौदा वर्षं तिनं भिंतीला हात न लावता भिंत सजवली. पडद्यासाठी दोन भिंतींमध्ये ताठ अडकवलेला बांबू. तसबिरी वर रोशनदानाच्या, म्हणजे छताजवळच्या झरोक्याच्या, गजांना बांधलेल्या काळ्या दोऱ्यांवर लोंबकळणाऱ्या, आणि ते दोरे लपवायला मनीप्लांट. घड्याळ कपाटाच्या डोक्यावर टेकवलेलं, किंचित मागे झुकलेलं, त्यामुळे आमच्या मामांना वेळ बघायला नेहमी मान वर करावी लागे. तिचा खर्चाचा नियमही एकच होता: बैठकीवर महिन्याला एका वेळच्या भाजीपेक्षा जास्त पैसा घालायचा नाही. ज्या दिवशी घरात काही नवं दिसे, त्या दिवशी पानात पिठलं असे, आणि मामा ते न बोलता खात.

भैरवगढला कापड छापणाऱ्यांच्या कारखान्यात ठप्पा सरकलेले, रंग पसरलेले तुकडे बाजूला टाकतात. मामी तेच उचलते. ती पडदा अशा चुण्या घालून शिवते की चूक बरोबर चुणीत जाते आणि बाहेर नुसती फुलंच फुलं राहतात. एकदा तिथला छापणारा स्वतःच चादर पोचवायला आला, चहाचा कप हातात धरून पडद्याकडे बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, “दीदी, ये मेरा ही माल है? इसमें तो मेरे से गलती हुई थी.” मामी म्हणाली, “गलती चुन्नट में सो रही है भैया, आप चाय पियो.” फ्रीगंजमधल्या फर्निचरच्या मोठ्या दुकानात ती महिन्यातून एकदा जाते, प्रत्येक सोफ्यावर बसते, भाव विचारते आणि घरी येऊन जुन्या पलंगाच्या फळ्यांना तशीच पाठ लावते. तिथल्या सेल्समनला तिचा राग यायला हवा होता. उलट एकदा नवा माल आला तेव्हा त्यानंच विचारलं, “आंटीजी, ये टेबल किधर जमेगा?” मामीनं पाऊण तास त्याची दर्शनी काच सजवून दिली आणि काही न घेता बाहेर पडली.

तिची एक परीक्षा असे. काहीही मांडलं की पाहुण्याच्या खुर्चीत जाऊन बसायचं, मग दिवाणावर, मग खाली जमिनीवर, आणि तिथून काय दिसतं ते बघायचं. “उभं राहून घर फक्त मकानमालक बघतो,” ती म्हणायची. “माणूस बसून बघतो.”

आमच्या घरी सजावट म्हणजे पत्रकांचे गठ्ठे. चळवळीतल्या वडिलांनी आयुष्यभर छापलेली आणि निम्मी न वाटली गेलेली. त्यातले चार गठ्ठे मामीनं एकदा मागून नेले. पुढच्या वेळी गेले तर तिच्या बैठकीत गोल, घट्ट, निळ्या छापाच्या कापडात शिवलेला एक सुंदर, बसायचा मोढा होता. मी त्यावर बसले आणि लगेच उठले. “मामी, हे कामगारांचे हक्क आहेत. ह्यांच्यावर लोक बसतात?” मामी सुईत दोरा ओवत म्हणाली, “वाचत कोणी नव्हतं बेटा. आता निदान टेकतात तरी.” वडिलांना सांगितलं तर ते इतके हसले की मला दोघांचाही राग आला.

तर अशी ती बैठक. तिच्यावर संकट आलं ते तिच्याच रूपामुळे. मकानमालकाच्या घरात वर नऊ माणसं राहत. धाकट्या सुनेचं लग्न होऊन वर्ष झालं होतं. ती अधूनमधून खाली येऊन मामीच्या खिडकीजवळच्या कोपऱ्यात चहा पिऊन जायची. एका सकाळी मकानमालक आले आणि हात जोडून म्हणाले, “बहनजी, बुरा मत मानना. छोटी बहू का मन आपके हॉल में आ गया है. बेटा-बहू नीचे रहना चाहते हैं.” मंगळवारी ते सुनेला घेऊन खोली नीट बघायला येणार होते. पसंत पडली तर तीन महिन्यांत घर सोडायचं. मामा त्या दिवशी जेवले नाहीत.

मी पेटले. भाडेकरूंच्या हक्कांवर चार पानी अर्ज लिहून नेला. मामीनं तो वाचून, “अक्षर छान आहे हं,” म्हणून परत दिला. मग मला दुसरी युक्ती सुचली. खोली सुंदर दिसते म्हणून जाते आहे ना? मग ती जशी आहे तशी दाखवू. आणि आश्चर्य म्हणजे मामी हो म्हणाली.

मंगळवारी दुपारी आम्ही दोघींनी बैठक उतरवली. चाळीस मिनिटं लागली. बांबू निघाला, दोरे सुटले, चादरी गुंडाळल्या गेल्या, आणि मागून जे बाहेर आलं ते मी चौदा वर्षांत पाहिलंच नव्हतं. छतापासून खिडकीपर्यंत उतरलेली हिरवट ओल, निळ्या रंगाचे पोपडे, मध्येच लोंबणारी वायर. एवढ्या भिकार खोलीत येत-जात मी लहानाची मोठी झाले होते आणि मला ती शहरातली सर्वांत सुंदर जागा वाटत होती.

मकानमालक आले, चारी बाजूंना बघून म्हणाले, “अरे, ये तो गोदाम है. कहाँ रहोगे तुम लोग यहाँ.” माझ्या मनात नगारे वाजायला लागले. सून मात्र दारातच थांबली होती. तिनं खिडकीकडे बघितलं आणि हळूच विचारलं, “आंटी, वो मेरा कोना?” मग सासऱ्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, “ऊपर तो बैठने की जगह ही नहीं मिलती.”

मामी तिच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “तो बांबू दे इकडे.” मी दिला नाही. तिनं स्वतः उचलला. “पकडो बेटा, उधर से,” तिनं सुनेला सांगितलं, आणि मकानमालकांच्या देखत दोघींनी खोली परत उभी केली. ओल कुठे कशानं झाकायची, चुणी किती खोल घ्यायची, दोरा कुठे बांधला की दिसत नाही, सगळं तिनं त्या मुलीला दाखवलं. शेवटी तिला खुर्चीत बसवून विचारलं, “दिखता है ठीक से?” मकानमालक दिवाणावर टेकले, चहा प्यायले, आणि घर गेलं.

“मामी, आपण जिंकलो होतो,” मी स्वयंपाकघरात म्हणाले.

“हो ना,” ती कप विसळत म्हणाली. “पण तिला वर एक खुर्ची नाही अगं. मी काय, कुठेही बसून घेईन.”

मामा-मामी आता रेल्वे लाइनच्या पलीकडे दोन खोल्यांत राहतात. खिडकीजवळचा पडदा ती तिथेच ठेवून आली. सून अजून फोन करते, “आंटी, एक बार आकर देख तो लो,” म्हणते, आणि मामी दर वेळी, “हाँ बेटा, इतवार को,” म्हणते. असे किती रविवार गेले. मला वाटायचं, माणूस तत्त्वानं वागला की त्याला दुखत नाही. पत्रकांत तरी तसंच लिहिलेलं असायचं. फ्रीगंजला जाताना जुनी गल्ली वाटेतच लागते, पण मामी ई-रिक्शावाल्याला पुलाकडून वळवायला सांगते. तो म्हणतो, “माताजी, लंबा पड़ेगा.” मामी म्हणते, “पड़ने दो.” मग वळण येऊन जाईपर्यंत ती मांडीवरच्या पिशवीचे बंद सारखे करत राहते. मी शेजारी बसलेली असते.