सीमेवरची मधुकरी

नवस माझ्यासाठी बोलला गेला, पण मला न विचारता, ही माझी पहिली तक्रार होती. मागच्या वर्षी छातीत दुखून मी आठवडाभर दवाखान्यात पडलो होतो. तेव्हा बायकोने गाणगापूरच्या दत्त महाराजांना सांगून ठेवले, की हे बरे होऊन घरी आले तर यांना तुमच्या गावात पाच घरी मधुकरी मागायला लावीन, आणि त्या दिवशी यांच्या झोळीत पडेल तेवढेच खाईन. गाणगापुरात दुपारी लहानथोर सगळेच झोळी घेऊन दारोदार फिरतात. महाराज स्वतःही त्या वेळी कुठल्या तरी रूपात भिक्षेला येतात, अशी श्रद्धा आहे. हे सगळे मला ठाऊक होते. पण मला मागता येत नाही. शेवगावात जुन्या ट्रॅक्टरांचा धंदा मी एकट्याने उभा केला. समोरच्याच्या तोंडून भाव काढणे, तो पाडणे, सौदा मोडल्यासारखे करून उठून चालू लागणे, हे सगळे मला जमते. नुसता हात पसरणे जमत नाही.

त्याला कारण होते. धंद्याच्या सुरुवातीला मी थोरल्या भावाकडे, अण्णांकडे, त्यांच्या रस्त्याकडेच्या रानात एक ट्रॅक्टर उभा राहील एवढी जागा मागितली होती. चार माणसांदेखत ते म्हणाले, "आज जागा मागतोस, उद्या भाकरी मागायला येशील." त्यानंतर बावीस वर्षे मी त्यांच्या दारात पाय ठेवला नाही. माझे जे काही झाले ते त्या एका वाक्याच्या रागावर झाले, असे मी लोकांना अभिमानाने सांगत असे.

नवसावरही मी घासाघीस केली. अन्नदान करतो, अभिषेक करतो, मागणे तेवढे सोड, म्हणालो. बायको हसली. "अहो, देवाशी कसला भाव करताय? तो काय ट्रॅक्टर घ्यायला आलाय?"

शेवटी निघालो. अक्कलकोटला मुक्काम केला. सकाळी तिने सवयीप्रमाणे इन्सुलिनचे इंजेक्शन घेतले, माझ्या गळ्यात भगवी झोळी अडकवली आणि स्वतः पाण्याशिवाय काही घेतले नाही. मी मात्र खाली जाऊन पुरी-भाजी खाल्ली. तिने इंजेक्शन घेतले आहे, आता उपाशी राहून चालणार नाही, हे माझ्या लक्षात यायला हवे होते. ते आले नाही. दुपारपर्यंत पोहोचू, मधुकरी मिळेल, असा आमचा दोघांचा हिशेब होता.

गाणगापूर कर्नाटकात, आणि दोन राज्यांमधला जुना सीमावाद त्या आठवड्यात पुन्हा पेटला होता. लॉजवाल्याने सांगितले होते, की एसटी बंद आहे आणि नाक्यावर एकेक गाडी तपासून सोडतात. मी म्हणालो, वाट काढतो. नाका नजरेच्या टप्प्यातही नव्हता, तिथेच रांग लागली. ट्रक, टेम्पो, जीपा, सगळे इंजिन बंद करून उभे. टपऱ्यांची फळकुटे लावलेली. तासाभरात आम्ही चार गाड्यांएवढे पुढे सरकलो असू.

आमच्या पुढे कर्नाटकच्या नंबरचा ट्रक होता. मी कडेच्या मातीवरून गाडी पुढे घुसवायला गेलो, तर तो ट्रक कडेला तिरका लावलेला, वाटच नव्हती. मी उतरून ड्रायव्हरला नको ते बोललो. तो ट्रकच्या सावलीत स्टोव्हवर चहा उकळत बसला होता. मान वर करून शांतपणे म्हणाला, "काय ओ काका, हद्द कुठं हाय ते दोन सरकारांना ठरवता येईना, आन् तुमी हातभर जागेसाठी माझा चहा नासवाय लागलाय." रांगेतले लोक हसले. माझे कान तापले. चहा घेता का, असे त्याने विचारले, तेव्हा मी रस्त्यावर थुंकलो आणि गाडीत येऊन बसलो.

बारा वाजून गेले तेव्हा बायको बोलेनाशी झाली. पदर घामाने भिजला होता, हात थरथरत होते. मी हाक मारली तर तिने माझ्याकडे अनोळखी माणसाकडे पाहावे तसे पाहिले. डॉक्टरांनी बजावले होते, की साखर उतरली तर लगेच गोड द्या, वाट पाहू नका. गाडीत गोड काहीच नव्हते. तिच्या व्रताच्या दिवशी मोह नको म्हणून पेढ्यांचा पुडासुद्धा घेतला नव्हता.

साखर कुठे आहे हे मला माहीत होते. दहा पावलांवर, स्टोव्हशेजारी. तरी मी त्या ट्रकला वळसा घालून पुढे गेलो.

खिशातून नोट काढली आणि पहिल्या कारच्या काचेवर टकटक केली. मघाचे भांडण त्यांनी पाहिले होते. काच खाली झाली नाही. पुढे टेम्पो होता. आतला म्हणाला, "तंबाखू हाय, चालंल का?" त्यापुढे मोटरसायकलवरचे नवरा-बायको. दोघांनी पिशवी उलटी करून दाखवली, पाण्याची बाटली तेवढी होती. मी नोट पुढे करून, आवाज चढवून विचारत होतो. जणू ते माल दडवून भाव वाढवत होते. चौथी गाडी जीप होती, तिच्यात एक म्हातारी होती. तिने माझ्या हाताकडे पाहिले, मग गळ्याकडे. "दत्ताची झोळी गळ्यात आन् हातात नोट व्हय रं?" म्हणाली. "साखर न्हाई बाबा. भाकर हाय." तिने अर्धी भाकरी झोळीत घातली आणि वर म्हणाली, "त्या ट्रकवाल्याकडं जा की. मगाधरनं चहा करतोय त्यो."

त्या उन्हात मला काय झाले ते नीट सांगता येणार नाही. नोट खिशात गेली. मी धावत मागे आलो, त्या ड्रायव्हरपुढे उभा राहिलो, दोन्ही हातांनी झोळी पसरली आणि म्हणालो, "भिक्षा वाढ, बाबा. बायको चालली माझी."

त्याने पुढचे ऐकलेच नाही. साखरेचा डबा उचलून तो माझ्याआधी गाडीपाशी पोहोचला. कोमट चहात मूठभर साखर विरघळवून, तिची मान धरून, घोट घोट गिळायला लावला. त्याच्या आईलाही हाच आजार होता. "आदी का न्हाई आला ओ, काका?" त्याने विचारले. थोड्या वेळाने तिच्या डोळ्यांत ओळख आली, आणि मी रस्त्यावर बसून रडलो.

त्याने ट्रक कडेच्या मातीवर घेतला, ज्या हातभर जागेवरून आम्ही भांडलो होतो तिथेच, आणि मला गाडी वळवायला वाट करून दिली. नाव विचारले तर म्हणाला, मौलाली. अक्कलकोटच्या डॉक्टरांनी तिला तपासून धोका टळल्याचे सांगितले, आणि आम्हा दोघांनाही चांगले फैलावर घेतले. बाहेर आल्यावर तिने झोळीतली भाकरी मागून घेतली.

"किती घरं झाली?"

"पाच. पण तिघांनी काहीच दिलं नाही."

"नवस मागण्याचा होता. मिळण्याचा कुठं होता?" ती म्हणाली आणि भाकरी मोडली.

मौलाली म्हणजे महाराजच, असे मी म्हणणार नाही. तो रांगेत अडकलेला, चहा करणारा ड्रायव्हर होता. पण ज्याच्याकडे मागायचे नाही असे मी ठरवले होते, त्याच्याच हाताने माझे घर वाचले, आणि माझी झोळी पसरेपर्यंत ती मदत दहा पावलांवर थांबून राहिली होती, एवढे मला कळते. गाणगापूरला आम्ही पुढच्या महिन्यात गेलो आणि नवस रीतसर फेडला.

त्याआधी एक काम राहिले होते. शेवगावला परतल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी झोळी गळ्यात घालून मी अण्णांच्या दारात उभा राहिलो. "वहिनी, भाकरी वाढा," म्हणालो. आतून अण्णाच आले. खूप थकले होते. झोळीकडे पाहत राहिले. बावीस वर्षांपूर्वीचे ते वाक्य त्यांनाही आठवले असावे, कारण त्यांनी डोळे पुसले.

"आत ये," ते म्हणाले. "दारात उभ्यानं कोण जेवतं?"