कॅसेटीत न सापडलेली मेंढी

गुलमंडीच्या बाजारात टॉवेल घेत होतो, तेवढ्यात सोपानच्या बायकोचा, गयावहिनींचा फोन आला. "भाऊजी, ह्ये गेले वो सकाळी..." दुकानदार विचारत होता, रंग कोणता देऊ? म्हटलं, कोणताही द्या. त्याला महिना झाला. टॉवेल अजून घडीतच आहे.

सोपान फर्दापूरपलीकडच्या एका वाडीतला धनगर. मेंढरांमागं हिंडता हिंडता गायला लागला. मी बँकेतला कारकून, त्याच्यामागं पेटी धरायचो, म्हणून त्याचा 'मास्तर'. त्याचं एकच गाणं गाजलं: एक धनगर हरवलेली मेंढी शोधत गावोगाव फिरतो. शहागंजातल्या एका कॅसेटवाल्यानं ते काढलं, तेव्हा सोपाननं तीनच कडवी गायली आणि डोक्याला पटका गुंडाळून उठला. कॅसेटवाला तापला, "अरे, बकरी मिली के नहीं?" सोपान शांतपणे म्हणाला, "मेंढी हाय ती. अन् कॅसेटीत घावली तर मला गावात कोण बोलावंल?"

कॅसेट घराघरांत, जीपगाड्यांत वाजली. त्याचे पैसे सोपानला एकदा मिळाले तेवढेच. पुढं गाणं मोबाईलवर आलं, त्याचे तर तेवढेही नाहीत. चूल पेटायची ती सुपाऱ्यांवर, म्हणजे जत्रेच्या, लग्नाच्या आगाऊ ठरलेल्या कार्यक्रमांवर. तीन कडवी झाली की तो हात वर करायचा. मी एकच सूर धरून ठेवायचो. तो समोरच्या माणसांवरून नजर फिरवायचा, आणि मग मेंढी त्याच गावात सापडायची... त्यांच्या बारवेपाशी, त्यांच्या मारुतीच्या पारावर, एकदा तर चक्क सरपंचाच्या न्हाणीत! माणसं फेटे उडवायची. पुढच्या वर्षीची सुपारी तिथंच ठरायची. कडवं मात्र तिथल्या तिथं सुचलेलं, मलाही दुसऱ्या दिवशी आठवत नसे. मग डीजे आले, सुपाऱ्या आटल्या. "मास्तर, आवाज हाय, गाव नाय," असं म्हणून तो हसायचा. मला ते हसणं कधी आवडलं नाही.

दहाव्याला वाडीवर गेलो होतो. माणसं पांगल्यावर गयावहिनी जवळ येऊन बसल्या. "भाऊजी, मी आपली कॅसेटच ऐकली जल्मभर. मेंढरं सोडून कुठं जाणार? ती मेंढी... आपल्या वाडीत घावली का वो कधी?"

हो म्हणावंसं लई वाटलं. पण वाडीनं सोपानला कधी सुपारी दिलीच नव्हती. घरच्या माणसाला कोण बोलावतं? आणि घरी तो गायचा नाही, घसा राखायचा.

"नाही, वहिनी."

त्यांनी मान हलवली. "मंग हिंडतच आसंल अजून," म्हणाल्या आणि वाघुरीकडं, मेंढरं कोंडलेल्या जाळीकडं, निघून गेल्या.

घरात मी एकटाच असतो, मुलं पुण्याला. सोपान गेल्यापासून फार एकटं वाटतं, लपवण्यासारखं त्यात काही नाही. संध्याकाळी पेटी काढतो, तीन कडवी वाजवतो आणि तो सूर धरून ठेवतो. वाडीतली एखादी जागा आठवून पाहतो... त्यांच्या अंगणातली बाभळ, पाण्याची टाकी. शब्द जुळत नाहीत, ते काम माझं नव्हतंच. भाता हलवत राहतो. हात भरून आला की सूर आपोआप बसतो, मग पेटीला झाकण लावतो.